होस्टेलच्या लॅनवर कधी १०.४२ चा पत्ता, कधी १९२.१६८ चा; एज्युरोमही अडतंय. कुठून तपासू?

वसतिगृह_ब

पुण्यात विद्यापीठाच्या होस्टेलला आहे, एमएस्सी दुसरं वर्ष. तीन अडचणी आहेत. एकाच कारणाने आहेत की वेगवेगळ्या, ते कळत नाहीये.

१) खोलीतल्या लॅनच्या सॉकेटला लॅपटॉप (विंडोज ११) लावला की कधी लॉगिनचं पान येतं आणि सगळं सुरळीत चालतं, कधी पानच उघडत नाही. चालतं तेव्हा आयपी १०.४२ ने सुरू होतो. चालत नाही तेव्हा १९२.१६८.०.१०४ असतो आणि गेटवे (बाहेर जायचं दार) १९२.१६८.०.१. केबल बदलून पाहिली, फरक नाही. त्रास संध्याकाळनंतर जास्त. शेजारच्या खोल्यांत हेच, खालच्या मजल्यावर मात्र कुणालाच नाही.

२) अँड्रॉइड फोनवर एज्युरोम (एकाच लॉगिनवर अनेक विद्यापीठांत चालणारं वायफाय) जोडताना 'डोमेन' विचारतो, ते भरल्याशिवाय सेव्ह होत नाही. सीनियर म्हणतात 'डू नॉट व्हॅलिडेट' निवड. तो पर्यायच फोनवर नाही.

३) जर्नलमधले पेपर विभागात बसून उघडतात. होस्टेलमधून कधी उघडतात, कधी पैसे मागतात.

'नेट चालत नाही' अशी तक्रार दिली की 'तपासलं, चालू आहे' असं उत्तर येतं. नेमकं काय लिहून द्यावं?

केबलतपासणी

पहिल्या अडचणीचं निदान तुमच्या आकड्यांतच आहे. तुमच्या मजल्यावर कुणीतरी घरगुती राउटर चुकीच्या भोकात केबल घालून लावलाय.

लॅपटॉप लॅनला जोडला की तो 'मला पत्ता द्या' अशी हाक सगळ्या मजल्याला ऐकू जाईल अशी मारतो. उत्तर द्यायचं काम विद्यापीठाच्या डीएचसीपी (पत्ते वाटणाऱ्या) सर्व्हरचं. तो बहुधा संगणक केंद्रात असतो, म्हणजे हाक दोन-तीन उपकरणांमधून तिथे पोचते आणि उत्तर तसंच परत येतं. घरगुती राउटरमध्येही डीएचसीपी असतं आणि तो तर तुमच्याच स्विचवर (मजल्यावरच्या केबल एकत्र जोडणारं उपकरण) बसलेला. लॅपटॉप साधारणपणे पहिलं आलेलं उत्तर घेतो, त्यामुळे जवळचा जिंकतो. १९२.१६८.०.१ हा अनेक घरगुती राउटरांचा कारखान्यातून आलेला पत्ता आहे. त्या राउटरकडे स्वतःचं इंटरनेट नसतं, म्हणून गेटवे मिळूनही पुढे काही जात नाही आणि लॉगिनचं पानही सापडत नाही. संध्याकाळी त्रास वाढतो, कारण मालक खोलीवर येऊन राउटर तेव्हा चालू करतो.

चूक अशी होते: भिंतीतली केबल राउटरच्या वॅन भोकात (बाहेरच्या लाइनसाठीचं, बऱ्याच मॉडेलवर ते निळं असतं) घालायची, ती लॅनच्या चार भोकांपैकी एकात घातली जाते. मालकाच्या फोनला वायफाय दिसतं आणि कधीमधी नेटही मिळतं, म्हणून त्याला शंका येत नाही.

खात्री अशी करा. बिघाड चालू असताना कमांड प्रॉम्प्ट उघडा आणि 'आयपीकॉन्फिग', स्पेस, 'स्लॅश ऑल' द्या. 'डीएचसीपी सर्व्हर' या ओळीत १९२.१६८.०.१ दिसलं की संशय संपला. मग 'एआरपी', स्पेस, 'डॅश ए' द्या. १९२.१६८.०.१ समोर बारा अक्षर-अंकांचा मॅक पत्ता (उपकरणाची स्वतःची ओळख) येईल, तो उतरवून घ्या. त्यातली पहिली सहा अक्षरं सहसा कंपनी सांगतात. ब्राउझरमध्ये १९२.१६८.०.१ उघडलं तर लॉगिनच्या पानावर कंपनीचं आणि बऱ्याचदा मॉडेलचं नाव दिसतं. तिथेच थांबा. पासवर्ड मारून आत शिरू नका, उपकरण दुसऱ्याचं आहे.

तात्पुरता उपाय म्हणजे 'आयपीकॉन्फिग'पुढे 'स्लॅश रिलीज' (पत्ता सोडणं) आणि 'स्लॅश रिन्यू' (नवा मागणं) पुन्हापुन्हा देत राहणं. १०.४२ चा पत्ता हाताने टाकून बसवू नका. तोच पत्ता सर्व्हर दुसऱ्याला देतो, मग दोघांचंही नेट तुटत राहतं आणि तिसऱ्याला कारण सापडत नाही.

आणखी एक ओळखून ठेवा: पत्ता १६९.२५४ ने सुरू झाला तर कुणीच उत्तर दिलेलं नाही. सॉकेट मेलेलं असेल किंवा पत्ते संपले असतील. स्लॅश २४ च्या (पत्त्याचा फक्त शेवटचा आकडा बदलणाऱ्या) जाळ्यात वापरता येणारे पत्ते २५४ च असतात, आणि विंडोज सर्व्हरच्या डीएचसीपीत एक पत्ता मुळात ८ दिवसांसाठी दिला जातो. भरलेल्या होस्टेलला हे पुरत नाही, तिथे मुदत काही तासांवर आणावी लागते.

पाचगिगा

एज्युरोमबद्दल. सीनियर सांगतात तो पर्याय अँड्रॉइड ११ च्या डिसेंबर २०२० च्या अपडेटपासून काढायला सुरुवात झाली, आणि ते योग्यच झालं. सर्टिफिकेट (सर्व्हरचं डिजिटल ओळखपत्र) न तपासता जोडलेला फोन 'एज्युरोम' नावाचं कुठलंही वायफाय खरं मानतो. कुणी कॅन्टीनमध्ये त्या नावाचा खोटा ॲक्सेस पॉइंट उभा केला तर फोन आपणहून लॉगिनची देवाणघेवाण करतो. त्यात वापरली जाणारी एमएस-चॅप व्ही२ ही पासवर्ड पडताळायची पद्धत फोडता येते हे २०१२ पासून उघड आहे. तोच पासवर्ड तुमच्या विद्यापीठाच्या मेललाही असतो, हे विसरू नका.

बरोबर भरायचं ते असं. आधी 'गेटएज्युरोम' ॲप घेऊन त्यात आपल्या संस्थेचं नाव शोधा. सापडलं तर बाकी काही भरायची गरज नाही, सर्टिफिकेटसकट सगळं बसतं. नाही सापडलं तर: ईएपी पद्धत पीईएपी, दुसरा टप्पा एमएस-चॅप व्ही२ (काही संस्था टीटीएलएस आणि पीएपी वापरतात, ते विचारून घ्या). सीए सर्टिफिकेटला 'सिस्टिम सर्टिफिकेट्स'. डोमेनमध्ये लॉगिन सर्व्हरच्या सर्टिफिकेटवरचं नाव, आणि ते संगणक केंद्रानेच सांगायचं असतं, अंदाजाने टाकू नका. संस्थेने सर्टिफिकेट स्वतःच बनवलेलं असेल तर 'सिस्टिम' चालणार नाही, त्यांची फाइल आधी फोनवर घ्यावी लागेल. फोनची तारीख-वेळ चुकलेली असेल तरी सर्टिफिकेट नापास होतं.

आयडेंटिटीमध्ये पूर्ण नाव टाका, ॲट आणि त्यापुढच्या संस्थेच्या भागासकट. तो भाग नसला तरी काही ठिकाणी आपल्या आवारात चालून जातं आणि दुसऱ्या विद्यापीठात गेलं की अडतं. तिथला सर्व्हर ॲटनंतरचा भाग बघूनच विनंती कुठे पाठवायची ते ठरवतो. भारतात विद्यापीठांच्या सर्व्हरांची ही साखळी अर्नेट इंडिया ही सरकारी संस्था चालवते.

पासवर्ड बदलला की त्याच दिवशी फोन, टॅब, लॅपटॉप सगळीकडे बदला. बॅगेतला जुना टॅब जुन्या पासवर्डाने दर थोड्या वेळाने धडका मारत राहतो आणि खातं लॉक होतं. 'पासवर्ड बरोबर आहे तरी घेत नाही' या तक्रारीमागे बहुतेकदा हेच असतं.

ग्रंथालयातल्या लॉगिन पानाच्या वायफायवर पान उघडत नसेल तर फोनमधलं 'प्रायव्हेट डीएनएस' ऑटोमॅटिकवर ठेवा. तिथे एखाद्या डीएनएस सेवेचं (साइटच्या नावावरून पत्ता शोधून देणारी) नाव बसवलेलं असेल तर लॉगिनआधी फोन तिच्याशीच बोलायला जातो, फायरवॉल अडवते आणि पान येतच नाही. मॅक पत्ताही बघा. नवे फोन प्रत्येक वायफायसाठी वेगळा, बनावट मॅक वापरतात. विद्यापीठात माणशी ठरावीक उपकरणांची मर्यादा असेल तर मॅक बदलला की तोच फोन नवा म्हणून मोजला जाऊ शकतो. या एका नेटवर्कपुरता 'फोन मॅक' निवडा.

वसतिगृह_ब

केबलतपासणी, डीएचसीपी सर्व्हर १९२.१६८.०.१ च निघाला. मॅक लिहून घेतलाय. पानावर कंपनीचं नावही दिसलं. आता खोल्याखोल्यांत जाऊन शोधू का?

केबलतपासणी

नको, भांडणं होतील. स्विचला कुठला मॅक कुठल्या पोर्टवर आहे ते माहीत असतं. तक्रारीत एवढं लिहा: इमारत, मजला, सॉकेटवरचा क्रमांक, तारीख आणि वेळ, मिळालेला आयपी, डीएचसीपी सर्व्हर, त्याचा मॅक. विषयात 'मजल्यावर अनधिकृत डीएचसीपी' असं लिहा. ही तक्रार 'चालू आहे' म्हणून बंद करता येत नाही. मॅकवरून पोर्ट आणि पोर्टवरून खोली काढायला नेटवर्कवाल्याला थोडा वेळ पुरतो.

त्यांना 'डीएचसीपी स्नूपिंग' चालू करायची विनंतीही करा. त्यात सर्व्हरकडे जाणारं पोर्ट विश्वासू ठरवतात, आणि खोल्यांकडच्या पोर्टांवरून आलेलं पत्ता-वाटप स्विच गाळून टाकतो. पण त्याला व्यवस्थापन करता येणारा स्विच लागतो. मध्ये कुठे साधा आठ पोर्टांचा स्विच टाकलेला असेल तर त्यावरच्या खोल्या एकमेकींना त्रास देतच राहतील, म्हणून मजल्यावर तसा स्विच आहे का तेही विचारा.

राउटर ज्याचा आहे त्याच्यासाठी: परवानगी असेल तर केबल वॅनमध्ये घाला. मात्र त्यामागे बसलेल्या सगळ्यांचा वापर तुमच्या एकट्याच्या लॉगिनवर नोंदला जातो. उद्या चौकशी आली तर नाव तुमचं निघेल.

वाचनकक्ष

तिसरी अडचण स्वतंत्र आहे. वन नेशन वन सबस्क्रिप्शन ही केंद्र सरकारची जर्नल्सच्या सामायिक वर्गणीची योजना १ जानेवारी २०२५ पासून सुरू आहे. ३० प्रकाशकांची सुमारे १३,००० जर्नल्स सरकारी संस्थांना त्यात मिळतात, समन्वय गांधीनगरच्या इन्फ्लिबनेटकडे (विद्यापीठ ग्रंथालयांना जोडणारं केंद्र) आहे. आवारात प्रकाशक तुमचा बाहेरचा आयपी बघून दार उघडतो. १०.४२ हा आतला पत्ता, तो त्याला दिसतच नाही.

पुष्कळ विद्यापीठांत दोन लाइन असतात, नॅशनल नॉलेज नेटवर्कची (शिक्षण-संशोधन संस्थांचं सरकारी जाळं) एक आणि खासगी कंपनीची एक. फायरवॉल भार वाटून देते. प्रकाशकाकडे पहिलीचेच पत्ते नोंदवलेले असतील तर विनंती दुसरीवरून गेली की पैसे मागतो. मोबाइल हॉटस्पॉट किंवा व्हीपीएन चालू असेल तरी तेच होतं, ते आधी तपासा.

पेपर उघडतो तेव्हा आणि अडतो तेव्हा, दोन्ही वेळा 'व्हॉट इज माय आयपी' शोधून आकडा टिपा. दोन वेगळे निघाले तर ते आकडे, वेळ आणि प्रकाशकाचं नाव ग्रंथालय आणि संगणक केंद्र दोघांना एकाच मेलमध्ये पाठवा. मार्ग दोन आहेत. प्रकाशकांच्या साइट पहिल्याच लाइनवरून जातील असा नियम फायरवॉलवर घालणं, किंवा दुसऱ्या लाइनचे पत्ते प्रत्येक प्रकाशकाकडे नोंदवणं. नियम घालणं लवकर होतं, म्हणून आधी तोच मागा. दरम्यान तुमची संस्था इन्फेडमध्ये (इन्फ्लिबनेटची सामायिक लॉगिन व्यवस्था) असेल तर प्रकाशकाच्या पानावर 'संस्थेमार्फत लॉगिन' घ्या. त्याला आयपी लागत नाही, सुट्टीत गावाहूनही पेपर उघडतात.