पूर्वेकडची प्राचीन राज्यं, नगरं, विहार : तुमचे अनुभव लिहा

अजिंठा-वेरूळ आपण लहानपणापासून पाहतो. कलिंग (आजचा ओडिशा), पुंड्र, गौड (दोन्ही बंगालात) ही नावं मात्र शाळेच्या पुस्तकातच राहून जातात. तिकडे फिरून आलेल्यांनी इथे जरूर लिहा. सुरुवात मी करते.

भुवनेश्वरजवळच्या धौलीला बहुतेक गाड्या थेट वर, पांढऱ्या शांतिस्तूपाकडे जातात. अशोकाचे लेख खाली आहेत, खडकातून पुढे आलेल्या हत्तीपाशी. कलिंगयुद्धाचा पश्चात्ताप सांगणारा तेरावा लेख इथे कोरलेलाच नाही. ज्यांचं रक्त सांडलं त्यांच्यासाठी मजकूर वेगळा आहे: ‘सवे मुनिसे पजा ममा’, सगळी माणसं माझी लेकरं. शिवाय तोसली या इथल्या नगरीच्या महामात्रांना, म्हणजे अधिकाऱ्यांना, ताकीद, की विनाकारण कुणाला बंदिवास घडू नये. मला हा लेख पश्चात्तापाहून मोठा वाटतो. हरलेल्यांच्या रोजच्या जगण्याची काळजी त्यात आहे.

प्रतिसाद १
धौली झाली की उदयगिरीची हाथीगुंफा चुकवू नका. कलिंगचा राजा खारवेल याचा १७ ओळींचा लेख मान वर करून पाहावा लागतो, बरीच अक्षरं झिजलीत. राज्याच्या दुसऱ्या वर्षी सातवाहन राजा सातकर्णीला न जुमानता पश्चिमेकडे सैन्य धाडलं, चौथ्या वर्षी रठिक-भोजक या दख्खनी सत्ताधाऱ्यांना नमवलं, असं तो सांगतो. आम्ही नाणेघाट कितीदा चढलो! सातवाहन म्हणजे आपले, एवढंच डोक्यात. त्यांच्याकडे प्रतिस्पर्ध्याच्या नजरेनं पाहायला मी इथे शिकलो.

प्रतिसाद २
कामानिमित्त ढाक्यात राहत असताना पहाडपूरला गेले. पाल राजा धर्मपालाचा सोमपूर महाविहार, म्हणजे बौद्ध मठ: चौकोनी आवार, कडेनं भिक्षूंच्या १७७ खोल्या, मधोमध विटांचं उंच मंदिर. मी रमले ते त्याच्या पायथ्याच्या भाजक्या मातीच्या फलकांत. देवांपेक्षा माणसं आणि जनावरंच जास्त! बंगालात दगड दुर्मीळ, म्हणून सारं मातीतून घडवलेलं. बोगुऱ्याजवळ करतोयेकाठचं महास्थानगड, म्हणजे जुनं पुंड्रनगर, त्याच फेरीत होतं.

प्रतिसाद ३
शिशुपालगडाबद्दल कुणीच लिहिलं नाही? भुवनेश्वरच्या कडेलाच आहे. चौकोनी तटबंदी, प्रत्येक बाजूला दोन असे आठ दरवाजे, आत एकसंध दगडी खांब. १९४८ मध्ये पुरातत्त्वज्ञ बी. बी. लाल यांनी उत्खनन केलं. एवढं आखीव नगर, आणि घरं आता तटाला भिडलीत, याचा फार त्रास होतो. अलीकडे कुणी गेलं असेल तर दरवाजांची सध्याची अवस्था फोटोंसह कळवा.