रविवारी पोलीस ठाण्याचे साहेब येणार आहेत, मुद्दे सांगा (सोसायटी ग्रुप)

सचिव: नमस्कार मंडळी 🙏 पोलिसांचा रेझिंग डे (स्थापना दिन) सप्ताह (२ ते ८ जानेवारी) चालू आहे. रविवारी ११ वाजता निरीक्षक साहेब आणि आपले बीट अंमलदार (आपल्या भागाचे पोलीस) हॉलमध्ये येणार आहेत. वर्षभरातले मुद्दे इथेच टाका, तिथे गोंधळ नको.

बी-३०४: मुद्दा एकच. वर्षात तीन सायकली गेल्या. तिन्ही वेळा एनसी (अदखलपात्र नोंद) हातात ठेवून बोळवण केली. तपास शून्य. आता साहेब येऊन काय भाषण देणार?

सी-४०१: आधी आपलं घर बघू. ११ भाडेकरूंपैकी ४ जणांची माहिती अजून पोलिसांकडे गेलेली नाही.

बी-३०४: विषय चोरीचा चाललाय.

ए-१०२: तिन्ही एनसी पाहिल्या. बोळवण नाही ती, कायदाच तसा आहे. १ जुलै २०२४ पासून ५००० रुपयांच्या आतली साधी चोरी (भारतीय न्याय संहितेचं कलम ३०३) अदखलपात्र झाली. अदखलपात्र असलं की न्यायदंडाधिकाऱ्यांच्या आदेशाशिवाय पोलिसांना तपास करता येत नाही. तिन्ही अर्जांत किंमत ४५०० च्या आत लिहिलीय. गाडं तिथेच अडलं.

बी-३०४: मग काय काका, खोटी किंमत लिहायची?

ए-१०२: अजिबात नाही. पण जागा नीट लिहा. अर्जात "सोसायटीसमोरून" आहे. सायकली गेल्या इमारतीखालच्या स्टिल्ट पार्किंगमधून, साखळी कापून. राहत्या इमारतीतली किंवा वस्तू ठेवायच्या इमारतीतली चोरी असेल तर कलम ३०५ लागतं. त्याला ५००० ची अट नाही, ते दखलपात्र आहे, शिक्षा ७ वर्षांपर्यंत. पार्किंग इमारतीत धरायचं का, यावर पोलीस ठाण्यात तक्रार नोंदवणारे अंमलदार हुज्जत घालतील. म्हणून जागेचे फोटो आणि कापलेली साखळी घेऊन या. तरी नोंद घेतली नाही तर नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३(४) खाली पोलीस अधीक्षकांना लेखी अर्ज, टपालाने पाठवला तरी चालतो.

बी-५०१: काका, एफआयआर झाला तर पुढचं कसं कळणार? दर वेळी हेलपाटे?

ए-१०२: एफआयआरची प्रत मोफत मिळते, ती लगेच मागा. तपास कुठवर आला हे ९० दिवसांच्या आत फिर्यादीला कळवायचं बंधन आहे.

ए-२०५: पण फुटेज होतं ना? ते दिलं का कोणी?

खजिनदार: दुसऱ्या सायकलीचं नवव्या दिवशी मागितलं. तोवर पुसलं गेलं होतं.

ए-४०३: पुसलं जाणारच. २ एमबीपीएस या चित्रणाच्या वेगावर एक कॅमेरा दिवसाला २१.६ जीबी खातो. आपले ८ कॅमेरे, म्हणजे रोज १७३ जीबी. १ टीबीची डिस्क सहा दिवसही पुरत नाही. ४ टीबी टाकली तर २३ दिवस मिळतील. डिस्क सर्व्हेलन्सचीच (कॅमेऱ्यांसाठी बनवलेली) घ्या. कॉम्प्युटरची साधी डिस्क २४ तास लिहून लवकर बसते. आणि गेटचा कॅमेरा १४ फुटांवर लावलाय, त्यात फक्त टोप्या आणि टक्कल दिसतं. चेहऱ्यासाठी एक तरी ७-८ फुटांवर हवा.

सी-१०४: मागच्या गेटच्या कॅमेऱ्यात कोळ्याने संसार थाटलाय, त्याचा चेहरा एकदम स्वच्छ दिसतो 😄

ए-४०३: तेच तर नुकसान करतंय. रात्री कॅमेऱ्याचा अदृश्य उजेड जाळ्यावर आपटून परत येतो आणि सगळं चित्र पांढरं होतं. महिन्यातून एकदा कोरड्या फडक्याने पुसा.

खजिनदार: मोठी डिस्क जूनच्या सभेतही मांडली होती. कोणी अडवली ते इतिवृत्तात आहे.

बी-३०४: नाव घेऊन बोला.

सचिव: 🙏🙏 विषयावर या.

सी-४०१: पुन्हा टाकतो. ४ भाडेकरूंची माहिती पोलिसांकडे नाही.

ए-१०२: फुटेज देताना स्क्रीनचं मोबाइलवर चित्रण करून पाठवू नका, कोर्टात ते टिकत नाही. डीव्हीआरमधून (कॅमेऱ्यांचं चित्रण साठवणाऱ्या यंत्रातून) मूळ फाइल काढा. साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ चं प्रमाणपत्र लागतं. भाग अ वर यंत्र ज्याच्या ताब्यात त्याची सही, म्हणजे सचिवांची. भाग ब तज्ज्ञाचा. फाइलचं हॅश मूल्य (फाइल बदललेली नाही हे दाखवणारा आकडा) त्यात येतं. आपल्या डीव्हीआरचं घड्याळ ४० मिनिटं पुढे आहे. ते आता दुरुस्त करा, पण जुन्या फुटेजसोबत हा फरक लिहून द्या. नाहीतर चोर वकिलामार्फत तेवढंच धरून बसतो.

ए-३०१: आम्ही उद्यापासून १० दिवस गावी. दूधवाल्याला नको म्हणून सांगा कोणीतरी.

ए-१०२: काकू, आधी तो मेसेज डिलीट करा! ग्रुपवर १४० जण आहेत, काही फ्लॅट विकून गेलेलेसुद्धा. बंद घराची माहिती फक्त बीट अंमलदारांना आणि शेजारच्यांना द्यायची. मे महिना आणि दिवाळी हे घरफोडीचे दिवस. चोर आधी बघतो काय? दाराबाहेरचं मोठं कुलूप, साचलेला पेपर, चार दिवस न हललेल्या चपला. बाहेरून कुलूप दिसू नये, आतलं लॅच लावा. पेपर शेजाऱ्यांनी उचलायचा.

ए-३०१: केला हो डिलीट. लॅच तर बिघडलंय 😔

सी-३०२: गस्त वर्षभर दिसली नाही, हा मुद्दा घ्या.

ए-१०२: घ्या, पण तारखा लिहून घ्या. शिवजयंती, १४ एप्रिल, गणपती, निवडणूक, अशा वेळी ठाण्याचे बहुतेक लोक बंदोबस्ताला असतात. बीटला एखादाच माणूस उरतो. चोरांनाही हे कळतं. "गस्त वाढवा" असं मोघम सांगून काही होत नाही. गणपतीच्या १० रात्रींत १ ते ४ या वेळेत मागच्या गल्लीतून दोन फेऱ्या, अशी मागणी ठेवा आणि वॉचमनच्या वहीत पोलिसांची सही घ्या. आणि ११२ चा कॉल आपल्या ठाण्यात लागत नाही, नवी मुंबईच्या किंवा नागपूरच्या केंद्रात जातो. तिथल्या मुलीला "मारुतीच्या देवळामागे" म्हणून काय कळणार? गावाचं नाव, तालुका, रस्ता, विंग, मजला, याच क्रमाने सांगा. हा पत्ता वॉचमनच्या टेबलावर मोठ्या अक्षरात चिकटवा.

बी-५०१: ऑनलाइन फसवणुकीचंही सांगा, दोन घरांत झालंय.

ए-१०२: १९३० वर फोन करा. पहिल्या तासाभरात, जमेल तितक्या लवकर. बँक, रक्कम, वेळ आणि व्यवहाराचा १२ अंकी यूटीआर क्रमांक हाताशी ठेवा. पैसे पुढच्या खात्यात सरकायच्या आत गोठले तरच परत यायची आशा असते. "डिजिटल अटक" असला प्रकार कुठल्याच कायद्यात नाही.

सी-४०१: तिसऱ्यांदा टाकतो. ४ भाडेकरू. त्यातला एक फ्लॅट सी-२०२, मालक बी-३०४.

बी-३०४: मुद्दाम ग्रुपवर काढायची गरज होती का? करार नोंदवलेला आहे माझा.

ए-१०२: दादा, करार नोंदवणं वेगळं आणि पोलिसांना माहिती देणं वेगळं. जिल्हाधिकाऱ्यांचा आदेश असेल तर माहिती न दिल्याबद्दल मालकावर न्याय संहितेचं कलम २२३ (आदेश न पाळणं) लागतं. राज्य पोलिसांच्या पोर्टलवर अर्ज होतो. भाडेकरूचा फोटो, ओळखपत्र, कायमचा पत्ता आणि ओळखीच्या दोघांची नावं लागतात. रविवारी साहेब पहिला प्रश्न हाच विचारतील, आणि मग आपल्या सायकली बाजूला पडतील.

सचिव: रविवारी सायकली, गस्त, फुटेज, या क्रमाने घेऊ. डिस्कचं कोटेशन ए-४०३ यांनी आणावं ही विनंती.

ए-४०३: शनिवारपर्यंत देतो.

बी-३०४: सी-२०२ चा अर्ज भरला. पावती सचिवांना पाठवलीय. आता तरी सायकलींचं बोलू या.

ए-१०२: छान. साखळी, पार्किंगचे फोटो, तिन्ही एनसी आणि बिलं आणा. बिलावर फ्रेम नंबर असेल तर खूण करून ठेवा. बाकीच्यांनी आपापली सायकल आजच उलटी करा. पायडलच्या दांड्याच्या खाली नंबर कोरलेला असतो, मातीने भरलेला असेल तर जुन्या ब्रशने घासा. फोटो काढून ठेवा. सापडलेल्या सायकली ठाण्याच्या आवारात गंजत पडतात, कारण नंबर घेऊन त्या न्यायला कोणी येत नाही.

बी-३०४: दोघांची बिलं आहेत. तिसरं शोधतो.