चौरस चौकटीत चादर बसत नाही

चाटीगल्ली
काल इथं एका पोस्टमध्ये वाचलं: ‘साइटचं तयार टेम्प्लेट निवडा, दोन तासांत दुकान ऑनलाइन. टेम्प्लेटला नावं ठेवणाऱ्यांना कामच करायचं नसतं.’ डोकं फिरलं, म्हणून सविस्तर लिहितोय.

माझं सोलापुरात चादरी-टॉवेलचं दुकान. गड्ड्याच्या जत्रेआधी साइट सुरू व्हावी म्हणून साइट पुरवणाऱ्या कंपनीला वर्षाचे पैसे आगाऊ भरले. टेम्प्लेटमध्ये फोटोची चौकट चौरस, चादर लांबट. दोन्ही काठ उडतात आणि कोपऱ्यात विणलेलं नावही जातं. चौकट बदलायची सोयच नाही. दुकानाचं नाव मराठीत टाकलं, तर टेम्प्लेटनं अक्षरांमध्ये अंतर सोडलेलं. इंग्रजीला ते शोभतं. आपली शिरोरेषा तुटते, अक्षर न् अक्षर सुटं होतं. वेलांटीचा वरचा भागही कापला गेला. तक्रार केली, तर उत्तर आलं, ‘दुसरं टेम्प्लेट घ्या.’ म्हणजे नवी साइट, 140 चादरींची माहिती पुन्हा पहिल्यापासून. नक्षी विणणाऱ्या जकार्ड मागावर नवं डिझाइन हवं असेल तर भोकं पाडलेली पंचकार्डं बदलतात, माग कुणी मोडीत काढत नाही!

उखळातली_चटणी
मालक, ती पोस्ट माझी. ‘कामच करायचं नसतं’ एवढं मागे घेते, बाकी एक शब्दही नाही. शेंगाचटणी विकते मी. डिझायनरनं चाळीस हजार सांगितले, तेवढे माझ्याकडे नव्हते. पोरं झोपल्यावर मोबाइलवरच साइट उभी केली, चौथ्या दिवशी पुण्याहून पहिली ऑर्डर. त्या टेम्प्लेटनं माझं घर चालवलंय.

रात्रपाळी
दोघंही भाड्याच्या घरात राहून भिंतीला खिळा ठोकायची परवानगी मागताय. साइट बनवायचं वर्डप्रेस 2003 पासून फुकट आहे, स्वतःच्या होस्टिंगवर, म्हणजे स्वतः घेतलेल्या सर्व्हरच्या जागेवर टाका. शिरोरेषेचं दुखणं तर सीएसएसच्या, म्हणजे साइटचं रूप ठरवणाऱ्या कोडच्या, दोन ओळींचं: लेटर-स्पेसिंग (अक्षरांमधलं अंतर) शून्य करा, लाइन-हाइट (ओळीची उंची) वाढवा.

चाटीगल्ली
सीएसएस टाकायची मुभा वरच्या प्लॅनला आहे. म्हणजे माझंच नाव नीट दिसावं म्हणून मीच जादा पैसे भरायचे?

उखळातली_चटणी
वर्डप्रेसचं आम्हाला नका सांगू. भावानं केली होती तशी साइट. प्लगइन, म्हणजे वरून जोडलेला छोटा प्रोग्राम, वेळेवर अपडेट झालं नाही, हॅकर घुसले आणि एका सकाळी दुकानाच्या जागी जुगाराच्या जाहिराती. गिऱ्हाइकांचे फोन घेता घेता रडकुंडीला आला बिचारा.

होटगीरोड
चौकटी काय घेऊन बसलात? बाहेरचा माल ‘सोलापुरी’ म्हणून खपतोय, त्यावर बोला की.

चाटीगल्ली
बोट माझ्याकडे असेल तर उद्या दुकानात या. प्रत्येक चादर कुठल्या मागावरची ते दाखवतो.

होटगीरोड
तुमच्यावर नाही, पण गप्प बसणाऱ्या सगळ्यांवर आहे. वडिलांनी तीस वर्षं यंत्रमाग चालवला, कानानं ऐकू येईना तोवर. कारखाना बंद पडला. आता लग्नाच्या आहेरात येणारी ‘सोलापुरी’ हातात घेऊन ते म्हणतात, ही आपली नाही. चादरीला जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन आहे, त्याचा कायदा 2003 पासून लागू आहे. पण गिऱ्हाइकानं ओळखायचं कशावरून?

रात्रपाळी
हा वेगळा विषय आहे, वेगळा धागा काढा.

होटगीरोड
तुम्हाला वेगळा असेल. आमच्या घरात हाच विषय आहे.

चाटीगल्ली
वेगळा नाहीच हा! ओळखायचं कोपऱ्यात विणलेल्या नावावरून, आणि नेमका तोच कोपरा माझ्या साइटवर कापला जातोय. फोटोत माझी चादर आणि नकली चादर सारखीच दिसते. आवाज चढवला, चुकलं.

उखळातली_चटणी
हे माझ्या ध्यानात आलं नव्हतं. माझं पाकीट चौरसात बसतं, म्हणून मला कधी टोचलं नाही. तरी टेम्प्लेट वाईट असं मी म्हणणार नाही. वर-खाली पांढरी पट्टी लावून फोटोच चौरस करा.

चाटीगल्ली
केलं. चादर काडेपेटीएवढी दिसते. सध्या कोपऱ्याचा जवळून काढलेला फोटो पहिला लावलाय. मार्चमध्ये मुदत संपते, पुन्हा पैसे भरणार नाही. रात्रपाळी, होस्टिंगला वर्षाला किती पडतील ते लिहा. आणि अपडेट कोण करणार, तेही.