फिजिक्समध्ये बीएस्सी करून शेवटी हातात काय येतं?

अर्धवट_लंबक:
सेकंड इयरला आहे. विषय आवडतो म्हणून घेतला, पण आता जो भेटेल तो विचारतो "मग पुढे काय, मास्तर होणार?" आणि मला खरंच उत्तर सुचत नाही. कॉम्प्युटरवाल्या मित्राला कोडिंग येतं, कॉमर्सवालीला अकाउंट्स, मला काय येतं तर डेरिव्हेशन्स, ती पण पेपर झाला की दुसऱ्या दिवशी साफ. रिसर्चला जाईन की नाही माहीत नाही. ज्यांनी केलंय त्यांनी खरं सांगा, उगाच गोड गोड नको.

ढिला_स्क्रू:
आधी हे सांग, रीडिंग स्वतः घेतोस की सीनियरच्या जर्नलमधून उतरवतोस? चिडू नको, आम्ही पण तेच करायचो. न्यूटन्स रिंग्जच्या प्रॅक्टिकलला (भिंग आणि काच यांच्यात दिसणाऱ्या प्रकाशाच्या कड्या मायक्रोस्कोपने मोजायच्या) सोडियमच्या प्रकाशाची वेव्हलेंग्थ 5893 अँगस्ट्रॉम यायला पाहिजे हे सगळ्यांना पाठ, त्यामुळे सगळ्यांची बरोब्बर तिथेच "यायची". एकदा उतरवायला जर्नलच मिळालं नाही म्हणून खरोखर मोजलं तर आलं 6400, आणि ग्राफवरचे ठिपके काही केल्या रेषेत बसेनात. सर ओरडले नाहीत, म्हणाले शोध कुठे चुकतंय ते. दोन तास गेले. शेवटी कळलं की रिंगच्या पुढे गेलो की मी स्क्रू उलटा फिरवून मागे येत होतो, आणि आट्यांमध्ये ढिलेपणा असल्याने उलटं फिरवलं की स्केल सरकतं पण मायक्रोस्कोप काही वेळ जागचा हलतच नाही. सगळं परत एकाच दिशेने फिरवत घेतलं आणि उत्तर बऱ्यापैकी जवळ आलं. आज मी डेटाचं काम करतो, रात्रीत एखादा आकडा दुप्पट झाला की सगळे खूश होतात आणि मी आधी स्क्रू कुठे उलटा फिरलाय ते बघतो. ही सवय मला तरी त्या अंधाऱ्या लॅबमध्येच लागली.

एक_न्यूट्रिनो:
+1. 2011 मध्ये ऑपेरा नावाच्या प्रयोगातल्या लोकांना न्यूट्रिनो हे सूक्ष्म कण प्रकाशापेक्षा सुमारे 60 नॅनोसेकंद आधी पोचताना दिसले होते, आठवतंय? त्यांनी काही आइनस्टाइन चुकला म्हणून पेढे नाही वाटले, जगालाच सांगितलं की आमची चूक सापडते का बघा, आणि निघाली काय तर नीट न बसलेली फायबर केबल 😄
डेरिव्हेशन विसरलास तर विसर रे. स्प्रिंगला टांगलेलं वजन आणि एलसीआर सर्किट (कॉइल, कपॅसिटर, रेझिस्टरवालं) यांचं समीकरण एकच, वस्तुमानाच्या जागी एल म्हणजे कॉइलचा इंडक्टन्स आणि घर्षणाच्या जागी आर म्हणजे रेझिस्टन्स, हे एकदा डोक्यात बसलं की पुढे भलत्याच ठिकाणी ओळखीचे चेहरे दिसायला लागतात. शेअर बाजारातल्या ऑप्शनची किंमत काढायचं 1973 चं ब्लॅक-शोल्स समीकरण आहे ना, त्यातली व्हेरिएबल्स बदलली की सरळ उष्णतेचं समीकरण निघतं, जे तू सेकंड इयरलाच सोडवतोस.

तिसरी_बाजू:
त्याने गोड नको म्हटलं होतं ना. खरं ऐक, "मला विचार करता येतो" असं रेझ्युमेवर लिहून कोणी इंटरव्ह्यूला बोलावत नाही, मी आठ महिने बसून होते. कोडिंग आणि स्टॅटिस्टिक्स आपलं आपण शिकावं लागतं, नुसत्या सिलॅबसवर राहू नकोस. पण शिकायला सोपं जातं हे मान्य. ऑयलर मेथडने (वेळेचे छोटे छोटे टप्पे घेत पुढची जागा आणि वेग काढत जायचं) लंबकाचा प्रोग्रॅम लिहून बघ, घर्षण शून्य ठेव, लंबक आपोआप जास्त जास्त झुलायला लागेल. ऊर्जा कुठून आली हा प्रश्न तुला लगेच पडेल, प्रोग्रॅम एरर न देता चालला म्हणजे झालं असं समजणाऱ्याला पडणारच नाही. मला पहिली नोकरी असल्याच एका प्रोग्रॅमवर मिळाली.

अर्धवट_लंबक:
पुढच्या आठवड्यात एलसीआरचंच प्रॅक्टिकल आहे, उतरवलेलं जर्नल घरी ठेवून जातो. रेझोनन्स नाही आला तर इथेच येऊन रडेन. पण ते मास्तर होणार का विचारणाऱ्यांना काय सांगू?

ढिला_स्क्रू:
हो म्हण. विषय तिथेच संपतो.