पुरातून वाचला म्हणजे बाप्तिस्मा झाला का?

गोदाकाठ (पैठण)
एका दिवाळी अंकातली कथा. नाथसागराचे दरवाजे उघडतात, नायक गोदेच्या पुरात वाहत जातो, बाभळीला अडकून वाचतो, पुढं दारू सोडतो. परीक्षणात लिहिलंय, 'हा त्याचा बाप्तिस्माच.' कसला डोंबलाचा? बाप्तिस्मा म्हणजे ख्रिस्ती होण्याचा पाण्याचा विधी, तो कुणी आपला आपण घेत नसतो. देणारा लागतो, साक्षीला मंडळी लागते, पिता, पुत्र आणि पवित्र आत्म्याच्या नावानं तो द्यावा लागतो. हा गडी नुसता बुडता बुडता वाचला. हल्ली कथेत पाऊस पडला की समीक्षकांना बाप्तिस्मा दिसायलाय.

परभणीकर
नाही पटलं. हे रूपक समीक्षकांनी थोडंच काढलंय? लूकच्या शुभवर्तमानात येशू स्वतःच पुढच्या यातनांना बाप्तिस्मा म्हणतो, तिथं पाण्याचा थेंब नाही. प्रेषित पौल रोमच्या ख्रिस्ती मंडळीला पत्रात लिहितो, बाप्तिस्म्यानं आपण ख्रिस्ताबरोबर पुरले गेलो. मरून उठणं हाच गाभा. आणखी काय पाहिजे, पाद्र्याचा सही-शिक्का?

गोदाकाठ
शिक्का राहू द्या, विधी तर ध्यानात ठेवा! मेलव्हिलच्या 'मोबी डिक' कादंबरीत (१८५१) देवमाशाच्या सुडानं पेटलेला कप्तान एहॅब भाल्याचं पातं माणसांच्या रक्तात विझवतो आणि लॅटिनमध्ये ओरडतो: पित्याच्या नव्हे, सैतानाच्या नावानं! मूळ वाक्य कानात असतं म्हणून अंगावर काटा येतो. गोदेतल्या गटांगळीत उलटं करायला आहेच काय?

जालन्याहून
तुम्ही दोघं पाण्यातच अडकलात. ख्रिस्ती धर्मप्रचारक नारायण शेषाद्रींनी जालन्याजवळ बेथेल ही ख्रिस्ती वस्ती वसवली, आमचे लोक तिकडचे, त्यामुळं मला या शब्दाची किंमत आधी आठवते. लक्ष्मीबाई टिळकांचं आत्मचरित्र 'स्मृतिचित्रे' काढा. त्यांच्या नवऱ्यानं, कवी ना. वा. टिळकांनी, १८९५ला मुंबईत बाप्तिस्मा घेतला आणि इकडं लक्ष्मीबाईंचा संसार मोडला. नवरा हयात, पण त्याच्या घरी जायची सोय नाही. पुढं त्यांचं स्वतःचं सोवळं हळूहळू गळत गेलं, बाप्तिस्मा त्याच्याही मागून. तुमच्या नायकाचं काय गेलं? भावकीनं वाळीत टाकलं का त्याला?

परभणीकर
मग लक्ष्मीबाई माझ्याच बाजूच्या की! बदल आधी, विधी मागून.

जालन्याहून
मागून, पण घेतला ना? मनातल्या बदलावर भागत असतं तर चार लोकांसमोर उभं राहायची गरज काय होती?

परभणीकर
त्या काळाची गरज होती ती. कथेतल्या माणसाला सभासद करून घ्यायचं नाही, त्याच्या आत काय झालं ते सांगायचंय.

गोदाकाठ
आत काय झालं ते लेखकानंच लिहिलंय राव. पुरातून आल्यावरही महिनाभर हा पितोच आहे. दारू सुटते ती बायको शेत गहाण पडल्याचा कागद पुढं ठेवते तेव्हा. परीक्षणवाल्यानं तिथपर्यंत वाचलंच नाही वाटतं.