अवॅक्ससाठी प्रवासी विमानच का घेतात?

धूमकेतू:
बरेच दिवस डोक्यात आहे म्हणून विचारतो. अवॅक्स, म्हणजे पाठीवर मोठं रडार घेऊन लांबवर नजर ठेवणारं विमान, त्यातलं ई-३ सेंट्री मुळात बोइंग ७०७, पाणबुड्या शोधणारं पी-८ म्हणजे ७३७, आणि अणुयुद्ध पेटलं तर अमेरिका ज्यातून सगळा कारभार हाकणार ते ई-४बी तर चक्क जंबो ७४७. एवढा पैसा ओतायचाच आहे तर लष्करासाठी मुळापासून वेगळं विमान का नाही बनवत? ही चपळ नाहीत, लपत नाहीत, मिसाईल आलं तर काय करणार?

दुर्बीण:
अहो चपळ असायची गरजच नाही, ते लढायला जातच नाही, मागे राहून तासन् तास घिरट्या घालायच्या हेच त्याचं काम. पृथ्वीच्या गोलाईमुळे जमिनीवरच्या रडारला खालून उडत येणारं विमान अगदी जवळ येईपर्यंत दिसत नाही, तेच रडार नऊ किमी उंच नेलं की चारशे किमीच्या आसपास नजर जाते. मग लागतं काय, तर इंधन, जागा आणि भरपूर वीज. ई-३ हवेत इंधन न भरता आठ तासांहून जास्त राहतं, उडवणारे चौघे सोडून आत १३ ते १९ माणसं, आणि पाठीवर रडारची ९.१ मीटर व्यासाची तबकडी, दहा सेकंदांत एक फेरी. हे सगळं पेलणारं विमान एअरलाइन्सनी आधीच वर्षानुवर्षं उडवून पारखलेलं असतं, सुटे भागही मिळतात, मग नवं कशाला?

रिव्हेट:
बरोबर आहे, पण 'तयार विमान घ्या आणि वर तबकडी ठोका' इतकं ते सोपं नाहीये. मी प्रवासी विमानांच्या देखभालीत होतो. एक छोटा अँटेना बसवायचा तरी पत्र्याला भोक पाडलं की आतून डबलर (जोडीचा मजबुतीचा पत्रा), रिव्हेटची रांग, सीलंट, कारण दर उड्डाणात केबिनच्या प्रेशरने सांगाडा फुगतो आणि तडा जातो तो भोकापासूनच. इथे तर अख्खी तबकडी, वाऱ्याचा सगळा मार तिच्यावर. आपल्याकडे ॲव्हरो ७४८ या जुन्या प्रवासी विमानावर हाच प्रयोग चालला होता, ११ जानेवारी १९९९ ला अरक्कोणमजवळ तबकडी हवेतच तुटली, आठही जण गेले, त्यात चार शास्त्रज्ञ. अजूनही आठवलं की पोटात कालवतं. पुढे आपलं अवॅक्ससारखं नेत्र बनलं ते एम्ब्रेअर १४५ या छोट्या प्रवासी जेटवर, न फिरणारा फळीसारखा अँटेना घेऊन, आणि माझ्या मते तेच शहाणपणाचं होतं. पी-८ तर कापाकापी करून बनतच नाही, ७३७ च्या कारखान्यातच पहिल्यापासून पी-८ म्हणून जोडलं जातं.

धूमकेतू:
हे माहीतच नव्हतं, धन्यवाद. पण ७०७ तर कधीच बंद झालं ना, मग?

दुर्बीण:
तीच तर दुखरी नस आहे. एअरलाइन्सना विमान नकोसं झालं की ते बनवायची लाइन बंद, हवाई दलाला विचारतंय कोण. ७०७ ची लाइन बंद झाली म्हणून जपानला तीच यंत्रणा ७६७ वर बसवून घ्यावी लागली, अशी चार विमानं आहेत. शेवटचं ७४७ जानेवारी २०२३ मध्ये ग्राहकाच्या ताब्यात गेलं, आणि ई-४बी च्या जागी नवीन बनवायचं कंत्राट निघालं २०२४ मध्ये! आता कोरियन एअरची वापरलेली ७४७-८ घेऊन त्यातून ते काम चाललंय. लाइन चालू होती तेव्हाच कोरी विमानं घेऊन ठेवायला हवी होती, असं मला अगदी मनापासून वाटतं.