परदेशी शिकायला गेलेले, परदेशातून आपल्याकडे आलेले : अनुभव धागा

बेगमपुरेकरीण
आज पेपरात फोटो पाहिला. कुठल्याशा विद्यापीठाचा परदेशी विद्यापीठाशी सामंजस्य करार, सगळ्यांच्या हातात सारख्या फायली. मला एकदम आमच्या वरच्या खोल्यांतले येमेनी भाडेकरू आठवले.

घर औरंगाबादेत (आता छत्रपती संभाजीनगर) विद्यापीठाजवळ, त्यामुळे अरब पोरं लहानपणापासून बघतोय. कुणी इंग्रजीत पीएचडी, कुणी कॉमर्समध्ये. बहुतेकांना त्यांच्या सरकारची स्कॉलरशिप. बाबांच्या मागे २४ तासांत सी-फॉर्म (परदेशी भाडेकरूची नोंद) भरायचं आणि पोलिसांच्या विदेशी शाखेत खेपा घालायचं काम. आई लांबच असायची. एकदा तिने त्यांना भिजवलेल्या मेथीची पूड फेटून फेस काढताना पाहिलं. सलता म्हणून त्यांचा उकळता मटणाचा रस्सा असतो, त्यावर तो फेस घालतात. "आपण बाळंतिणीला देतो ते हे रोज खातात!" झालं, त्या दिवाळीपासून मेथीचे लाडू वर जायला लागले आणि ताटली कधी रिकामी खाली आली नाही.

२०१५ ला तिकडे युद्ध पेटलं, पोरांचे पैसे यायचे थांबले. बाबांनी भाडं मागणं सोडलं. एकाचा प्रबंध जमा झालेला, पण घरी जायची सोय नाही. दिवसभर जिन्यात बसून फोन लावायचा.

करारबिरार ठीक आहे हो, पण आमच्या गल्लीत तो कधीच झालेला. गेलेले, आलेले, व्हिसा नाकारलेले, सगळे लिहा.

येळवस_लातूर
जर्मनीत मास्टर्स केलं. बहुतेक सरकारी विद्यापीठांत फी जवळपास नसते हे गावात कुणालाच पटंना. चुलते म्हनले, "फुकट शिकवतेत म्हंजे कायतरी गडबड हाय." पन ब्लॉक्ड अकाउंट लागतं. २०२४ ला आकडा वर्षाचे ११,९०४ युरो झाला, ते आधीच भरायचे, मग महिन्याला ९९२ तुमचेच तुम्हाला. आमच्या वेळी आकडा कमी होता, तरी बापाला रान गहाण टाकावं लागलं. बँकेतले साहेब विचारतेत, "पैसे तुमचे, खातं तुमचं, मग अडकवायलाव कामून?"

तिथं रूममेट नळ चालू ठेवून दात घासायचा. मी उठून बंद करायचो. एक दिवस चिडला, तेव्हा त्याला २०१६ ची गोष्ट सांगितली, मिरजेहून रेल्वेनं लातूरला पाणी आलं ते. फोटो दाखवले तेव्हा पटलं त्याला. नंतर तोच दुसऱ्यांचे नळ बंद करत फिरायचा.

उतूगेलेलंदूध
"फुकट शिकवतेत म्हंजे" हसून हसून पुरेवाट!!

मोंढा_नाका
बेगमपुरेकरीण, रोशन गेटकडे अरबी मंडी (मटण-भात) मिळायची ती अजून मिळते का? नान खलिया सोडून दुसरं काही आवडलं असेल तर तेच.

बेगमपुरेकरीण
माहीत नाही हो, आम्ही घरची खायचो :)

परभणीची_तूर
आमच्या कृषी विद्यापीठात नाहेप, म्हणजे राष्ट्रीय कृषी उच्च शिक्षण प्रकल्प होता. निम्मा पैसा जागतिक बँकेचा, निम्मा केंद्राचा. विषय ड्रोन आणि रोबोट. मैत्रीण त्यातून परदेशी प्रशिक्षणाला गेली, माझा नंबर लागला नाही (अजून दुखतंय). ती येऊन सांगते, तिथं एका शेतकऱ्याचं रान आपल्या अख्ख्या शिवाराएवढं. आपलं दोन एकर, त्यात सोयाबीनमध्ये तुरीचे तास, बांधावर बाभूळ. ड्रोन वळवायचा कुठं? पण फवारणी तिनं गावात करून दाखवली, लोक जत्रेसारखे जमले. बाकी नंतर लिहिते, कुकर झाला.

निवृत्त_मास्तर
फोटोंवर एवढा राग नको. कराराची गाडी अडते ती क्रेडिटवर. पोरगं सहा महिने बाहेर शिकून येतं आणि आपल्याकडे विचारतात, या विषयाचा आमचा पेपर कोणता? मग तेच सेमिस्टर पुन्हा. यूजीसीने २०२२ मध्ये ट्विनिंग, संयुक्त आणि दुहेरी पदवीचे नियम काढले. ट्विनिंगमध्ये, म्हणजे काही भाग परदेशात शिकून पदवी इथलीच, ३० टक्क्यांपर्यंत क्रेडिट बाहेरचे चालतात. पण कॉलेजांचा दर्जा ठरवणाऱ्या नॅकचा किमान ३.०१ गुणांक किंवा राष्ट्रीय क्रमवारीत पहिल्या शंभरात जागा, असली अट आहे. आपल्या तालुक्याच्या कॉलेजांनी काय करायचं? मी नोकरीत असताना हे विचारलं तर चहा आला.

नागसेनवनातला
मास्तर, चहा तरी आला.
आमच्याकडे पाली शिकायला थायलंडचे भन्ते असायचे. एक जण माझ्या बाकावर. दुपारनंतर जेवण नाही, त्यामुळे डब्यातली पोळी मी एकटाच खायचो, लाज वाटायची. मूळ सुत्तं त्यांना तोंडपाठ. माझं पालीचं व्याकरण त्यांनी घेतलं, मी त्यांना मराठी शिकवली. ती एवढी आमच्यासारखी झाली की रिक्षावाल्याला "कामून एवढे?" म्हणायचे.
बाबासाहेब १९१३ ला बडोद्याच्या शिष्यवृत्तीवर कोलंबियाला गेले, हे मिलिंद कॉलेजात आल्या दिवसापासून ऐकतो. मी अर्ज केला होता. प्रवेश मिळाला, घरची परिस्थिती बिघडली, राहिलं. आता भाचीच्या मागे लागलोय.

उतूगेलेलंदूध
भाचीला शुभेच्छा दादा. आमच्याकडे आज भयंकर उकाडा.

गोदाकाठ_नांदेड
येळवस, मुलीचं जर्मनीचं चाललंय. ते एपीएस प्रमाणपत्र, आपली शिक्षणाची कागदपत्रं तपासून देतात ते, लागतंच का?

येळवस_लातूर
लागतंच ताई. २०२२ च्या नोव्हेंबरपासून त्याच्याशिवाय विद्यार्थी व्हिसाचं पुढं सरकत नाही. दहावीपासूनच्या सगळ्या गुणपत्रिका काढून ठेवा, सेमिस्टरप्रमाणे.

गोदाकाठ_नांदेड
तिसऱ्या सेमची पण?

येळवस_लातूर
तिसऱ्या सेमची पण.

गोदाकाठ_नांदेड
बरं. तिच्या पप्पांना अजून तिसऱ्या सेमचं माहीत नाही.